अकरा डोळे

नणंद जिना चढून वर येईपर्यंत मास्तरणीने फ्रिजचं दार दोनदा उघडून दोनदा लावलं होतं. आतल्या कुंड्यांना मात्र हात लावला नाही. ताई आल्याशिवाय लावायचा नाही असं ठरलं होतं, आणि ठरलेलं मोडणं तिच्या स्वभावात नव्हतं. थर्मामीटरवर तीन अंश होते. गेले तेरा आठवडे ते तीन आणि चारच्या मध्येच होते, आणि तशी रोजची नोंद वहीत होती.

"आली," नवरा टेबलावर जुने पेपर पसरता पसरता म्हणाला. "पावलांवरून सांगतो, आज लक्षण ठीक नाही."

"पावलांवरून कळतं तुला?"

"लहानपणापासून ऐकतोय. पळायला तेवढाच वेळ मिळायचा."

मास्तरीण हसली नाही. एरवी हसली असती.

ती कधी कुठल्या शाळेत शिकवत नव्हती. गावाच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायचं तिचं काम. लग्न होऊन आली त्या पहिल्याच महिन्यात तिने घरच्या नळाचं पाणी बाटलीत भरून नेलं, तपासलं, आणि आकडे वहीत उतरवून सासऱ्यांना वाचून दाखवले. सासऱ्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "ही तर मास्तरीण निघाली." ते नाव तिला चिकटलं ते आजवर निघालं नाही. नणंदेच्या तोंडी मात्र त्याला थोडी धार असायची.

नणंद आत आली. तीन गल्ल्या पलीकडे तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. कुणाची पँट लांबवायची, कुणाचा कोट आत घ्यायचा, असं काम. आज दुकान बंद होतं तरी गळ्यात टेप होतीच. तिने चप्पल काढली, पण ओढणीला लावलेली गाठ सोडली नाही.

"उघडलंस?"

"नाही."

"खरं सांग."

"ताई, ठरलं होतं ना आपलं? बसा तरी."

"बसायला नाही आले मी."

असं म्हणून ती बसली, आणि बसली ती खुर्चीच्या टोकावर.

मास्तरणीने पहिली कुंडी फ्रिजमधून काढून पेपरवर ठेवली. कुंडी पारदर्शक होती. आत माती नव्हती, भाजलेल्या मातीचे बोराएवढे गोल खडे होते. तळापासून दोन बोटं वर बाजूला दोन भोकं होती. त्या भोकांपर्यंत पाणी साठतं, त्याच्या वर जास्त झालेलं आपोआप वाहून जातं, आणि साठलेलं पाणी खडे हळूहळू वर ओढून मुळांपर्यंत नेतात. मुळं बुडत नाहीत आणि कोरडीही पडत नाहीत. ऑर्किड वाढवणाऱ्या कितीतरी लोकांनी हे करून पाहिलं होतं. मात्र या जातीचं, उघड्यावर बर्फाखाली हिवाळा काढणारं ऑर्किड कुणी फारसं लावलेलं दिसलं नव्हतं, आणि ज्यांनी लावलं त्यांची मतं एकमेकांशी जुळत नव्हती. नवरा याला अर्ध्या पाण्यावरची शेती म्हणायचा. आम्ही नळाचं पितो आणि झाडाला मात्र तपासलेलं, असंही म्हणायचा.

"हे काय, चमचा?" नणंदेने विचारलं.

"बोटं घातली तर मुळांवरचे डोळे मोडतात."

"बाबा ब्रशने करायचे."

"ब्रशच आहे, हा बघा. आधी खडे काढायचे चमच्याने, मग ब्रश."

बाबा म्हणजे सासरे. रेल्वेच्या रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीचे ते मुकादम होते. तीस वर्षांपूर्वी डोंगराची एक कड फोडून रुळांची वाट रुंद करायचं ठरलं, तेव्हा यंत्रं यायच्या आदल्या दिवशी त्यांना त्या उतारावर तीन पिवळी फुलं दिसली. फुलाची खालची पाकळी फुगीर, पुढून गोल आणि वर तोंड असलेली, तान्ह्या मुलाच्या पायात घालावी अशी. त्यांनी मुळांसकट ओल्या गोणपाटात गुंडाळून ती घरी आणली आणि मागच्या भिंतीच्या सावलीत लावली. झाडाचं शास्त्रीय नाव त्यांच्या जिभेवर कधी बसलं नाही. घरात सगळे 'बाबांच्या सपाता' म्हणायचे. ज्या उतारावरून त्या आणल्या तिथे आता काँक्रीटची भिंत होती.

दर पानगळीला सपाता जमिनीच्या वरून पार नाहीशा व्हायच्या. खाली मुळांच्या गड्ड्यावर डोळे उरायचे, बटाट्याला असतात तसे, पण पांढरे आणि टोकदार. एक डोळा म्हणजे येत्या वसंतात एक दांडा आणि एक फूल. सासरे पानं गळाली की ब्रशने माती बाजूला करून डोळे मोजायचे. त्यांच्या मागे मास्तरीण मोजू लागली.

ती आपणहून मोजू लागली नव्हती. शेवटच्या आजारात सासऱ्यांनी सगळ्यांसमोर तिला सांगितलं होतं, सपाता तू सांभाळ. नणंद खाटेच्या पायथ्याशी उभी होती, हातात औषधाची वाटी घेऊन. ती म्हणाली, "बाबा, मी नेऊ का एक फुटवा? माझ्या दुकानामागे सावली आहे." सासरे हसत म्हणाले, "तुझा हात जड गं. तू आपलं कापडच कर." सगळे हसले. नणंदही हसली. मास्तरणीला तेव्हाच वाटलं होतं की काहीतरी बोलावं, पण काय बोलावं ते सुचलं नाही, आणि मग ती वेळ निघून गेली.

पहिल्या कुंडीतले वरचे खडे निघाले. नणंदेने न सांगता मोबाइलचा उजेड धरला. तिचा हात सुईत दोरा ओवताना असावा तसा स्थिर होता.

पहिला डोळा दिसला. मास्तरणीने ब्रशचं टोक त्याला टेकवलं. जिवंत डोळा ब्रशने हलत नाही, दातासारखा घट्ट असतो. हा हलला. हलून कलंडला, आणि त्याच्या खालून तपकिरी पाणी आलं. आंबूस वास पसरला.

नवऱ्याने पेपरचं आणखी एक पान खाली सरकवलं.

दुसरा डोळा ब्रश लागण्याआधीच मऊ झालेला दिसत होता. तिसऱ्याचं नुसतं साल उरलं होतं.

"एका कुंडीत किती होते?" नणंदेने विचारलं.

"हिच्यात तीन. पुढचीत तीन. तिसरीत दोन."

"म्हणजे अजून पाच आहेत."

"पाच आहेत."

मास्तरणीने दुसरी कुंडी काढली. गेला हिवाळाभर तिचा जीव टांगणीला लागला होता. नणंद दर आठवड्याला फोन करायची आणि 'कशी आहेस' न विचारता 'आल्या का' विचारायची. मास्तरीण सांगायची, ताई, त्या झोपल्यात, फ्रिज हाच त्यांचा हिवाळा, तेरा आठवडे झाल्याशिवाय काही येत नाही. त्यावर नणंद म्हणायची, "काही झालं ना तर बघ, मी तुझ्या घराची पायरी चढणार नाही." फोन ठेवल्यावर मास्तरीण बराच वेळ हातातल्या कामांत चुकत राहायची. नणंदेच्या रागाची तिला सवय होती. पण या रागात आणखी काहीतरी होतं. ते काय, हे तिला हिवाळाभर उमगलं नव्हतं.

दुसऱ्या कुंडीत चमचा सावकाश चालत होता. एक खडा टेबलावरून घरंगळत जमिनीवर गेला आणि नवऱ्याने तो वाकून उचलला. कुंडीच्या भिंतीला टेकलेली मुळं बाहेरूनच दिसत होती. ती तपकिरी होती, पण जुनी मुळं तपकिरी असतातच, असं मास्तरीण आठवडाभर स्वतःला समजावत आली होती.

पहिला डोळा हलला. दुसरा हलला. तिसऱ्याला तिने ब्रश लावलाच नाही. उजेडात नुसतं वाकून पाहिलं आणि मान सरळ केली.

नणंदेने गळ्यातली टेप काढून मुठीत गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"कुणी सांगितलं होतं तुला हे खडे-बिडे?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच नवऱ्याने वर पाहिलं. "तीस वर्षं मातीत होत्या ना त्या?"

"मातीत कुजत होत्या, ताई."

"कुजत होत्या."

"पानं गळाल्यावर मी मोजलं तेव्हा अकरा होते. पाच आठवड्यांनी वर पालापाचोळा पसरायचा म्हणून पुन्हा उकरलं, तर आठ. पाच आठवड्यांत तीन गेले. तसंच राहू दिलं असतं तर हिवाळ्यात एकही उरला नसता."

"राहू दिलं असतंस तर..." नणंद म्हणाली आणि थांबली.

"तर काय?"

"काही नाही."

मास्तरणीने तिच्याकडे पाहिलं. नणंद भिंतीकडे बघत होती. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं.

"खड्यांचं चुकलं नाही," मास्तरीण म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं तरी तिला ते सांगावंसं वाटलं, कारण हिवाळाभर तेच तिला आतून खात होतं. "माझी वेळ चुकली. मातीत वाढलेली मुळं पाण्यावर टिकत नाहीत. वसंतात नवी मुळं फुटायला लागली की तेव्हा खड्यांत न्यायचं. नवी मुळं तिथली होऊनच वाढतात. हे मला ठाऊक होतं. वहीत लिहिलेलं आहे माझ्याच अक्षरात. पण वसंतापर्यंत थांबायचा धीर झाला नाही. मला वाटलं, माती रोगट झाली, आज काढलं नाही तर उद्या सात, परवा सहा."

"घाबरलीस," नवरा म्हणाला.

"घाबरले."

तिने वही ओढली आणि त्या दिवसाचं पान काढलं. स्वतःची चूक पुराव्यानिशी दाखवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. प्रयोगशाळेत यावरून तिची थट्टा व्हायची.

"हे बघा. 'आठ. तीन नाहीत. तुटल्या जागी मऊ, तपकिरी. कड सरळ. कुजले असावेत. आज संध्याकाळी सगळा गड्डा काढून, तीन भाग करून खड्यांत हलवला.'"

"कड सरळ म्हणजे?" नवऱ्याने विचारलं.

"गड्ड्याची. जिथून तीन गेले तिथली."

"कुजलेल्याची कड सरळ असते?"

त्याने सहज विचारलं होतं. त्याला झाडांतलं काही कळत नव्हतं, आणि ते तो लपवतही नसे. मास्तरणीने ती ओळ पुन्हा वाचली. कुजलेल्याची कड फाटते, तिचे तुकडे पडतात, ती हाताला लागते. सरळ नसते. जे दिसलं ते लिहायचं हे तिच्या हाडीमासी खिळलं होतं, म्हणून तिने 'सरळ' लिहिलं होतं. आणि लिहून पुढच्याच शब्दात त्याचा अर्थ भलताच लावला होता.

नणंद उठली.

"तिसरी उघडू नकोस," ती म्हणाली. "मी आले."

"कुठे जाताय?"

"आले म्हटलं ना. उघडू नकोस तेवढी."

ती चप्पल अर्धवट पायात सरकवून निघाली. जिन्यावर तिची पावलं वाजत खाली गेली.

"मी काय बोललो?" नवरा म्हणाला. "रागावली का ती?"

मास्तरीण वहीकडे बघत होती. अकरा आणि आठ, या दोन नोंदींच्या मध्ये पाच आठवडे होते. त्यातला एक आठवडा ते दोघं गावाला गेले होते. मांजराला खायला घालायला घराची किल्ली ताईंकडे होती. ते तिने वहीत लिहिलं नव्हतं, कारण ते सपातांचं नव्हतं.

तिने फ्रिज उघडला, तिसरी कुंडी बाहेर काढली आणि पेपरवर आपटलीच.

"अगं, तिने सांगितलंय ना," नवरा म्हणाला.

"सांगितलंय."

तिने चमचा घातला. हळूबिळू काही नाही, भाजी वाढावी तसे खडे काढले. वरचे, मधले. दोन डोळे. तिने ब्रश बाजूला ठेवला आणि बोटानेच दाबलं. दोन्ही बोटाला चिकटून आले.

मग ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. हात धुवायचंही सुचलं नाही. सासऱ्यांनी तिच्या हाती दिलेलं तीस वर्षांचं झाड तिच्या बोटाला तपकिरी होऊन लागलं होतं, आणि त्याचा वास येत होता.

रस्त्याच्या टोकाला नणंद दिसली. दोन्ही हातांत काहीतरी धरून ती चालत होती. रस्त्यात कुणीतरी तिच्याशी बोलायला थांबलं, तर मान हलवून तशीच पुढे आली. मास्तरणीने तिला इतकं सावकाश चालताना कधी पाहिलं नव्हतं.

जिना चढायलाही तिला वेळ लागला. नवऱ्याने दार उघडून धरलं. नणंदेच्या हातात लाकडी खोका होता, वर कोटाच्या अस्तराचं रेशमी कापड टाकलेलं. तिने तो टेबलावर, रिकाम्या कुंड्यांच्या शेजारी ठेवला. मग तिला तिसरी कुंडी दिसली.

"उघडलीस."

"उघडली."

"आणि?"

मास्तरणीने बोट दाखवलं.

नणंदेने डोळे मिटले, पुन्हा उघडले आणि खोक्यावरचं कापड उचललं. काळी, भुसभुशीत माती होती, भिंतीजवळच्या वाफ्यातलीच. त्यात विटेचे तेच लाल कण होते. मातीतून तीन कोंभ वर आले होते. त्यातले दोन कोंभ बोटभर उंच, घट्ट मिटलेले. तिसऱ्याचं पान उलगडायला लागलं होतं, आणि त्यावरच्या शिरा इस्त्रीच्या चुण्यांसारख्या सरळ होत्या.

नवरा काहीतरी म्हणणार होता. त्याने एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे पाहिलं, आणि चमचा उचलून मोरीकडे धुवायला गेला. चमचा बराच वेळ धुतला गेला.

"कशाने कापलेत?" मास्तरणीने विचारलं.

"दोरे कापायच्या कात्रीने. उकळत्या पाण्यात बुडवून घेतली होती. बाबा सुरी तशी बुडवायचे."

"कधी?"

"तुम्ही गावाला गेलात तेव्हा. तिसऱ्या दिवशी."

"मी तुम्हाला फोन केला होता," मास्तरीण म्हणाली. तिला वाटलं होतं आपला आवाज फुटेल, पण तो सपाट आला. "आठच उरलेत हे दिसलं त्याच दुपारी. वाफ्यापाशी बसूनच केला होता. तुम्हाला सांगितलं की तीन कुजले, आता मी सगळं खड्यांत हलवते. तुम्ही काय म्हणालात आठवतंय?"

"आठवतंय."

"'तुला काय करायचं ते कर' म्हणालात."

"हो."

"मी संध्याकाळपर्यंत थांबले होते, ताई. मन होत नव्हतं. संध्याकाळपर्यंत तुम्ही एक शब्द बोलला असतात तर आज आठही मातीत असते. नेलेत त्याचं मला एवढं नाही. मागितले असतेत तर बाबांनी नाही म्हटलेलं असूनही मी दिले असते. पण तुम्हाला माहीत होतं की कुजलेलं काही नाही, आणि तुम्ही मला उपटू दिलंत."

नणंदेने टेबलाची कड धरली होती.

"बोलणार होते," ती म्हणाली. "फोन हातात घेऊन बसले होते दुकानात. पण सांगितलं असतं तर चोरच ठरले असते ना? आणि हे जगतील का मरतील ते तरी कुठे माहीत होतं? मेले असते तर बाबा म्हणाले तेच खरं. मला वाटलं, फुलं येऊ देत. फुलं आली की आणून ठेवीन इथे टेबलावर, मग काय म्हणायचं ते म्हणा. आणि तुझ्याकडचे तर जगतीलच. तू मास्तरीण. तुझं कधी काही चुकत नाही."

"चुकलं."

"मी दर आठवड्याला फोन करत होते," नणंद म्हणाली. "नुसतं 'हो, आल्या' एवढं तू म्हणावंस म्हणून."

म्हणजे तो राग नव्हता. हिवाळाभर न उमगलेलं ते आता मास्तरणीपुढे उघडं झालं, आणि त्याने तिला जराही बरं वाटलं नाही. उलट राग आणखी चढला, कारण आता समोरच्या बाईची कीव येऊ लागली होती आणि तिला ती येऊ द्यायची नव्हती.

नणंदेने ओढणीची गाठ सोडली. तिच्यात किल्ली होती. ती तिने खोक्याशेजारी ठेवली.

"हे तुझं आहे. खोकाही आणि हीसुद्धा."

मास्तरणीने साबणाने हात धुतले, पुसले, आणि येऊन खोक्यापाशी वाकली. मातीला बोट लावलं. वरून कोरडी, नखभर खाली ओलसर. कोंभांच्या बुडाशी कुठे डाग नव्हता. खोक्याच्या तळाला भोकं होती, आणि एका भोकातून पांढरं स्वच्छ मूळ अर्धं पेर बाहेर डोकावत होतं.

"हिवाळाभर कुठे होता?"

"दुकानामागे. बर्फ पडला तेव्हा बर्फातच."

"पाणी कधी घालता?"

"माती सुकली की. बोट लावून बघते."

"किती?"

"मोजत नाही गं. पुरे वाटेल तेवढं."

मास्तरणीने वही ओढली. आजची तारीख घातली. 'आठपैकी शून्य' असं लिहिलं, आणि त्याखालची ओळ लिहायला तिला वेळ लागला. मग लिहिलं, 'मातीत तीन. निरोगी. नवी मुळं फुटताहेत.' लिहून झाल्यावर तिने मागचं पान काढलं आणि 'कुजले असावेत' यावर एक रेघ मारली. रेघ पट्टीने मारल्यासारखी आली.

"कापड घाला वर," ती म्हणाली. "ऊन लागेल वाटेत."

"म्हणजे?"

"परत न्या. जिथे होता तिथेच ठेवा."

नणंदेने कापड हातात घेतलं, पण वर घातलं नाही.

"तुझ्याकडे एकही नाही आता," ती म्हणाली.

"मुळं फुटताहेत. अशा वेळी जागा बदलायची नाही. एकदा घाईने हलवलं ते पुरे झालं."

"आणि बाबा म्हणाले होते ते?"

"बाबांचं चुकलं," मास्तरीण म्हणाली. "तुमचा हात चांगला आहे."

नणंदेच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ती रडेल असं नवऱ्याला वाटलं असावं, कारण तो मोरीशीच थांबला. पण ती रडली नाही. तिने अस्तराचं कापड खोक्यावर घातलं आणि चारही कोपरे आत खोचले, सुबक, एक चुणी न पडू देता.

"पानं गळाली की मी मोजायला येईन," मास्तरीण म्हणाली. "पुढच्या वसंतात एक डोळा मला खड्यांसाठी लागेल. वेळ मी सांगेन. कापून तुम्हीच द्यायचा."

"देईन."

नणंदेने खोका दोन्ही हातांनी उचलला. मग तिची नजर टेबलावर गेली.

"आणि किल्ली?"

"किल्ली इथेच राहू दे."

मास्तरीण हे हळू बोलली, आणि बोलताना तिने तोंड फिरवलं नाही. नणंदेने मान डोलावली. नवऱ्याने दार उघडून धरलं. ती बाहेर पडली आणि दार लागलं.

टेबलावर तीन कुंड्या, पेपरभर विखुरलेले खडे, आणि त्यांच्यात किल्ली. मास्तरीण एकेक खडा वेचून चाळणीत टाकू लागली. धुऊन उकळले की ते पुन्हा चालतात. नवरा अजून दाराशीच उभा होता, कान देऊन.

"पावलांवरून काय कळतंय?" तिने विचारलं.

तो थोडा वेळ ऐकत राहिला.

"काही कळत नाही," तो म्हणाला. "इतकी जपून उतरतेय, की वाजतच नाहीत."